स्क्रीनवरचे १०० टक्के खरे किती? सॉफ्टवेअरने लॉक केलेली ईव्ही बॅटरी कशी चार्ज करायची

रोज चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवायचं की १०० करून टाकायचं, हा प्रश्न ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या ईव्ही ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी येतोच आणि प्रत्येकजण आपापल्या गाडीवरून छातीठोक उत्तर देतो. पण आधी हे बघा ना, की तुमच्या गाडीत सॉफ्टवेअरने किती बॅटरी झाकून ठेवलीये आणि ती वरच्या टोकाला की खालच्या, कारण सगळं उत्तर तिथेच फिरतं.

थोडी राखीव तर बहुतेक सगळ्याच कंपन्या ठेवतात. ऑडी ई-ट्रॉन ५५ चा पॅक ९५ किलोवॉट-अवरचा (म्हणजे आपल्या लाइटबिलातलं युनिट), पण वापरायला मिळतात ८६ च्या आसपास. दुसरा प्रकार म्हणजे मोठा पॅक बसवून छोटा म्हणून विकायचा. टेस्लाने २०१६ मध्ये मॉडेल एस ६० तशीच विकली, नावाला ६० किलोवॉट-अवर पण आत पॅक ७५ चा, जास्तीचे पैसे भरले की अपडेटने उघडून मिळायचा. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ आलं तेव्हा फ्लोरिडातल्या अशा गाड्यांचं कुलूप त्यांनी काही दिवस लांबूनच काढलं होतं, लोकांना गाव सोडून लांब जाता यावं म्हणून. तिसरा प्रकार सगळ्यात चीड आणणारा, गाडी विकल्यावर अपडेट टाकून रेंज कमी करायची. २०१९ मध्ये जुन्या मॉडेल एसच्या बाबतीत हे झालं, मालक कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

आता मुद्दा. लिथियम सेलला त्रास होतो तो खूप भरलेल्या अवस्थेत तासन् तास पडून राहण्याचा, आणि त्यात उष्णता असेल तर मग विचारूच नका. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला लिथियम) सेल फुल्ल म्हणजे ४.२ व्होल्ट. कंपनीने वरचं टोक लॉक केलं असेल तर स्क्रीनवर १०० दिसतं तेव्हा सेल त्याच्या बराच खाली असतो. ७५ मधले ६० म्हणजे ८० टक्केच की! अशा गाडीत रोज १०० केलं तरी तुम्ही खरं तर ८० च करताय, उगाच ८० ला थांबवून हातची रेंज घालवू नका. फास्ट चार्जरवरही फायदा आहे, कारण एरवी ८० नंतर करंट पार ढेपाळतो आणि लॉकवाली गाडी त्या ढेपाळण्याच्या भागात फारशी पोचतच नाही. तोटा एवढाच की न वापरलेल्या सेलचं वजन तुम्ही फुकट वाहताय.

हे ओळखायचं कसं? एक, स्क्रीनवर १०० झाल्यावर लगेच गाडी काढा आणि पहिल्याच उतारावर ॲक्सिलरेटर सोडून बघा. रीजेन (वेग कमी होताना बॅटरीत परत जाणारी वीज, त्यानेच गाडी मागे ओढल्यासारखी वाटते) जवळजवळ बंद असेल तर वर जागा शिल्लक नाही, म्हणजे १०० बऱ्यापैकी खरे. नेहमीसारखं जोरात लागलं तर वर जागा आहे. मात्र काही गाड्या फुल्ल असताना आपोआप ब्रेक लावून तसाच फील देतात, म्हणून स्क्रीनवरचा पॉवर मीटर बघा, नुसत्या पायावर विश्वास नको. दोन, ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र, आतले आकडे मोबाइलवर दाखवणारं) लावून १०० टक्क्यांना सगळ्यात वरच्या सेलचं व्होल्टेज बघा, एनएमसीला ४.१५ ते ४.२ आलं तर वर काहीच लपवलेलं नाही, ४.०५ च्या खाली आलं तर नक्की लपवलंय. तीन, सबमीटर असेल तर २० ते ८० चार्ज करून युनिट मोजा, १०-१५ टक्के चार्जिंगचं नुकसान वजा करा, उरलेल्याला ०.६ ने भागा, वापरायला किती मिळतंय ते समजेल. २७ युनिट गेले तर वापरायला साधारण ४० चा पॅक. ब्रोशरवर ४५ लिहिलं असेल तर मधले ५ कुठे गेले ते विचारायला तुम्ही मोकळे. कंपनीने ब्रोशरवरच लॉक केलेला आकडा टाकला असेल तर मात्र या हिशोबाने काही कळणार नाही, तिथे डोंगलच.

लॉक नसलेली एनएमसी असेल तर जुनंच शास्त्र: रोज ८० पर्यंत, लांब जायचं असेल तेव्हा १०० आणि १०० झाल्यावर लवकर निघायचं. घोडबंदरला उघड्या पार्किंगमध्ये एप्रिल-मे चं ऊन खात १०० वर गाडी शनिवार-रविवार उभी, हे सगळ्यात वाईट. १५ अँपियरच्या सॉकेटवर ताशी तीनेक युनिट जातात, त्यामुळे टायमर लावून पहाटे संपेल असं ठेवा, मग ती भरलेल्या अवस्थेत कमी वेळ पडते.

एक खास आपल्याकडची गोष्ट. लोणावळ्याच्या हॉटेलात रात्री १०० करून सकाळी खोपोलीकडे घाट उतरणारे खूप दिसतात. साडेपाचशे मीटरची उतरण, दीड टनाची गाडी, हिशोबाने दोनेक युनिट ऊर्जा फुकट मिळायची असते, त्यातली बरीचशी परत बॅटरीत जाऊ शकते. लॉक नसलेल्या गाडीत ती मावणारच नाही, ब्रेक तापणार. तिथे ९० ला थांबवा. वरून लॉक असलेल्याने खुशाल १०० करावं.

एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलवाल्यांनी (बीवायडी अ‍ॅटो ३, एमजी विंडसर वगैरे) थोडं वेगळं वागायचं. या सेलचं व्होल्टेज मधल्या भागात इतकं सपाट असतं की गाडीला टक्केवारीचा नीट अंदाज येत नाही, कधी ११ वरून थेट ४ वर येते. म्हणून मधूनमधून १०० करावंच लागतं, टेस्ला तर एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा करा असं सांगायची. वर लॉक असलं तरी हे सोडू नका, कंपनीने मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच धरा.

आणि पैसे भरून लॉक उघडून घेतलंत तर त्या दिवसापासून तुमचा १०० चा अर्थ बदलला, चार्ज लिमिट लगेच ८० वर आणा, बरेचजण जुनी सवय चालूच ठेवतात. बाहेरच्या माणसाकडून जुगाड करून उघडण्याच्या भानगडीत पडू नका, वॉरंटी गेली तर पॅकचा खर्च ऐकून घाम फुटेल. सेकंडहँड घेताना मालकाला विचारा की लॉक आहे का आणि कुठल्या अपडेटनंतर रेंज बदलली का. कंपनीने लपवलेला भाग आतल्या आत वापरून झीज झाकली असेल तर स्क्रीनवरची रेंज नव्यासारखी दिसते, त्यामुळे सर्व्हिस सेंटरचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.