खासदारांकडे इंटर्नशिपला दिल्लीला जाताय? या चुका टाळा

नाशिकहून लॉ आणि राज्यशास्त्राची बरीच मुलं हल्ली दिल्लीला जातात. कुणी अधिवेशनापुरतं खासदारांच्या ऑफिसात, कुणी पीआरएस या संशोधन संस्थेच्या लॅम्प फेलोशिपमधून, म्हणजे खासदारांना संशोधनात मदत करायच्या कार्यक्रमातून, जवळपास वर्षभर. जाण्याआधी यातली अनेक जण माझ्याकडे येऊन बसतात. हुशार असतात, घरची शेती किंवा दुकान पाहिलेलं असतं, त्यामुळे विषयाची कळकळ खरी असते. पण नियमावली कुणी उघडलेली नसते, आणि दर वेळी घोळ होतो तो तिथेच.

विषय माहीत आहे म्हणून प्रश्न तयार आहे असं समजणं

निफाडकडचा एक मुलगा 2023 च्या हिवाळी अधिवेशनात एका खासदारांकडे काम करत होता. 7 डिसेंबरला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, 8 तारखेपासून बंदी लागू झाली. इकडे लिलाव बंद पडले. घरी लाल कांदा काढणीला आलेला, आणि लाल कांदा काही उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, तो विकावाच लागतो. पोरगं रात्रभर जागलं आणि दोन पानी तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) लिहून सकाळी पीएंच्या टेबलावर ठेवला. पीएंनी कागद वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं आणि कागद परत दिला.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पूर्ण 15 दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशन 22 तारखेपर्यंतच ठरलेलं होतं, आणि संपलं तर 21 लाच. म्हणजे 8 तारखेला लिहिलेला प्रश्न त्या अधिवेशनात येणं शक्यच नव्हतं. तेव्हा हाताशी होते ते शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ, आणि नियम 377, म्हणजे महत्त्वाचा मुद्दा ठरलेल्या मजकुरातून मांडायची सोय. त्यात 377 चा मजकूर 250 शब्दांत बसवावा लागतो, आधी द्यावा लागतो, आणि मंत्र्यांचं उत्तर मागाहून पत्राने येतं. रात्रीची मेहनत 250 शब्दांवर खर्च झाली असती तर सकाळी कागद थेट पुढे गेला असता.

वर तो प्रश्न कृषी मंत्रालयाला लिहिलेला. ही चूक तर मी इतक्या कागदांवर पाहिली आहे की आता आधी मंत्रालयाचं नावच वाचतो. कांदा शेतात पिकतो म्हणून त्याचं सगळं कृषी खात्यात नसतं. निर्यातबंदीची अधिसूचना परकीय व्यापार महासंचालनालय काढतं, म्हणजे वाणिज्य मंत्रालय. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाकडे. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी बफर स्टॉकची, म्हणजे राखीव साठ्याची, खरेदी ग्राहक व्यवहार विभागाकडे. आणि बाजार समितीतली अडत-हमालीची तक्रार असेल तर तो राज्याचा विषय, दिल्लीत तो प्रश्न टिकणारच नाही. प्रत्येक मंत्रालयाला उत्तरासाठी आठवड्यातला वार ठरवून दिलेला असतो. खातं चुकलं की प्रश्न दुसरीकडे वळतो किंवा नामंजूर होतो, आणि धरलेली तारीख हातची जाते.

माझी सवय सांगतो. कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी मंत्रालय, वार आणि सूचनेची शेवटची तारीख लिहायची. मग संसदेच्या वेबसाइटवर त्याच विषयाची जुनी उत्तरं शोधून प्रिंट काढायची आणि मंत्र्यांनी जिथे बगल दिली आहे तिथे पेन्सिलने रेघ मारायची. नवा प्रश्न त्या रेघेतून निघतो. ‘शेतकऱ्यांच्या समस्या सोडवण्यासाठी सरकार कोणती पावले उचलत आहे?’ असं विचारलंत तर उत्तरात योजनांची नावं येतील. ‘नाशिक जिल्ह्यातून या वर्षी संस्थानिहाय किती टन कांदा खरेदी केला, सरासरी दर काय दिला, चुकारे किती दिवसांत झाले?’ असं विचारा, म्हणजे आकडे द्यावे लागतील. तसाही प्रश्न साधारण 150 शब्दांतच बसवायचा असतो, तिथे भाषणाला जागा नाही. आणि एआयकडून प्रश्न लिहून घेणाऱ्यांनी त्यातला एकेक आकडा मूळ कागदाशी ताडून बघावा. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी हे काम घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या विधेयकावर टिपण करणं

भारतीय न्याय संहितेचं विधेयक 11 ऑगस्ट 2023 ला मांडलं गेलं, विधेयकं तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीकडे गेलं, डिसेंबरमध्ये मागे घेतलं गेलं आणि 12 डिसेंबरला नव्याने मांडलं गेलं. पहिल्यात 356 कलमं होती, दुसऱ्यात 358. ऑगस्टच्या प्रतीवर केलेलं टिपण तसंच पुढे सरकवणारे तेव्हाही होते. खासदार सभागृहात उभे राहून चुकीचं कलम वाचतात तेव्हा नाव त्यांचं जातं. चर्चेच्या आदल्या संध्याकाळी विधेयकाची प्रत पुन्हा उतरवून घ्या. दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ कायदा शेजारी उघडा ठेवा, नाहीतर ‘या शब्दांऐवजी ते शब्द’ यातून काहीही कळणार नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. विधानसभेतल्या लक्षवेधीच्या (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेच्या) हिशेबाने संसदेत चालू नका. तिथेही ती आहे, पण क्वचित लागते. लोकसभेत 11 ला प्रश्नोत्तरं आणि 12 नंतर शून्य प्रहर, राज्यसभेत नेमकं उलटं. स्थायी समितीचे कागद अहवाल सभागृहात मांडेपर्यंत गोपनीय असतात, त्यांचा फोटो स्टेटसला तर नाहीच, घरच्या ग्रुपवरही नाही.

पाससाठी गळ घालणं मात्र खरंच थांबवा. मावसभाऊ दिल्ली बघायला आलाय, त्याला गॅलरीत बसवायचंय, वगैरे. प्रेक्षक गॅलरीचा पास खासदारांच्या शिफारशीवर निघतो. 13 डिसेंबर 2023 ला गॅलरीतून दोघांनी लोकसभेत उड्या मारल्या, तेव्हा पास कुणाच्या शिफारशीवर निघाला हे लगेच तपासलं गेलं. पीए नाही म्हणाले तर तो विषय तिथेच सोडा, साहेबांना परस्पर मेसेज करू नका.