मुरुमांच्या चेहऱ्यावर दाढी करताना
चेहरा तेलकट आणि वर मुरुम असतील, तर दाढी आंघोळीनंतरच करा. कोमट पाण्याने केस मऊ पडतात. दाढीचा फेस ब्रशने रगडू नका, बोटांनी लावा आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या. रेझर न दाबता, केसांच्या दिशेनेच फिरवा. मानेवर ही दिशा बऱ्याचदा आडवी असते, आधी बोट फिरवून बघा. उलटा हात मारायचा मोह होतोच, पण गुळगुळीत गालापायी दुसऱ्या दिवशी लाल पुरळ कोण अंगावर घेणार? पिकलेली पुळी वगळून पुढे जा. तिथले चार केस राहिले तर राहिले. तुरटी हलकेच फिरवा, मिनिटभराने धुऊन टाका. ब्लेड ५ ते ७ दाढ्यांनंतर बदला, आणि रेझर झटकून कोरड्या जागी ठेवा, बेसिनच्या ओल्या कडेवर नको.