थंड पाण्यातील मासे : आधी पाणी तयार करावे, मग मासे आणावेत

गोल्डफिश आणि कोई (शोभेसाठी पाळले जाणारे रंगीत कार्प मासे) यांना हीटर लागत नाही, म्हणून ते सांभाळायला सोपे, असा समज रूढ आहे आणि तो असंख्य माशांच्या जिवावर बेतला आहे. हे मासे भरपूर खातात, तितकीच घाण करतात आणि नीट सांभाळल्यास गोल्डफिश १० ते १५ वर्षे जगतो. त्यामुळे काचेचे गोल भांडे घेऊच नये. दुहेरी शेपटीच्या दोन गोल्डफिशसाठी किमान १०० ते १२० लिटरची टाकी घ्यावी आणि ती उंच असण्यापेक्षा लांब असावी, कारण प्राणवायू पाण्यात मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याची जागा तळ्यातच.

टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणे ही सर्वांत घातक चूक होय. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो; फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. म्हणून फिल्टर सुरू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होतो, आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहावे. साधारण ४ ते ६ आठवड्यांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते, तेव्हाच मासे आणावेत. एखाद्या निरोगी, जुन्या टाकीच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मिळाला तर ही प्रतीक्षा बरीच कमी होते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी क्लोरीननाशक औषध वापरावे. पाणी नुसते ठेवून क्लोरीन उडते, पण क्लोरामाइन (काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला वापरले जाणारे क्लोरीन व अमोनियाचे संयुग) तसे जात नाही.

आणलेली पिशवी २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तीत थोडे थोडे टाकीचे पाणी घालावे आणि मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून दोनदा द्यावे, कारण गोल्डफिशला जठर नसते आणि एका वेळी जास्त खाल्लेले त्याला नीट पचत नाही.

दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे; नवे पाणी जुन्याच तापमानाचे असावे. स्पंज धुताना टाकीतून काढलेले पाणी बादलीत घेऊन त्यातच तो दोन-तीनदा पिळावा. तपकिरी गाळ निघाला की पुरे. स्पंज पांढराशुभ्र करण्याच्या नादात नळाखाली धरला, तर आठवडे खर्चून वाढवलेले जिवाणू क्लोरीनने मरतात.

तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस उत्तम. १० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. उष्ण दिवसांत एअर पंप रात्रीही बंद करू नये. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते भुकेले आहेत असे समजून खाद्य टाकू नये. हवा वाढवावी आणि पाणी तपासावे.

कोईसाठीचे तळे किमान सव्वा मीटर खोल, अर्धे सावलीत आणि फिल्टरसह असावे. पाणी १० अंशांखाली गेले की खाद्य पूर्ण थांबवावे. पृष्ठभाग गोठला तर बर्फ हातोडीने फोडू नये, कारण त्या धक्क्याने तळाशी विसावलेल्या माशांना इजा होऊ शकते. गरम पाण्याचे भांडे बर्फावर टेकवून ठेवावे आणि वायू बाहेर पडण्यापुरते भोक पाडावे.