कॉर्न स्नेकसाठी पेटी कशी सजवावी

कॉर्न स्नेक हा आग्नेय अमेरिकेतील पाइनच्या रानांत, शेतांच्या कडेला आणि पडक्या कोठारांत राहणारा बिनविषारी साप आहे. त्याच्या पोटावरील काळे-पांढरे चौकोन पाहिले की रंगीत मक्याचे कणीस आठवते. पाळलेला साप पंधरा-वीस वर्षे जगतो आणि ९० ते १५० सेंमी लांब होतो. त्यामुळे पेटी घेताना पिल्लाकडे न पाहता पूर्ण वाढलेल्या सापाचा विचार करावा. किमान १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच पेटी घ्यावी, कारण हा साप फांद्यांवरही हौसेने चढतो.

सामान मांडण्यापूर्वी फटी तपासाव्यात. पिल्लू पेन्सिलीएवढेच जाड असते. माझ्याकडचे पिल्लू तारेसाठी ठेवलेल्या भोकातून निसटले आणि दोन दिवसांनी कपाटामागे सापडले. तेव्हापासून सरकत्या काचांमधील फटसुद्धा मी बुजवतो आणि काचेला कुलूप लावतो.

ऊब पेटीच्या एकाच टोकाला द्यावी. तेथे २९ ते ३१ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २५ अंश तापमान असावे. दिव्याला जाळी हवीच, आणि थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही उष्णतेचे साधन वापरू नये. साप भाजेपर्यंत जागचा हलत नाही, असे अनेकदा घडते. सर्व मांडून झाल्यावर पेटी दोन दिवस रिकामीच चालवून तापमानाची खात्री करून घ्यावी.

सर्वांत जास्त चुका लपण्याच्या जागांबाबत होतात. आडोसा फक्त थंड टोकाला असेल, तर भेदरलेला साप उबेला जातच नाही आणि खाल्लेले त्याला नीट पचत नाही. म्हणून दोन्ही टोकांना एकेक आडोसा ठेवावा. तो ऐसपैस नको. वेटोळे घातल्यावर सापाचे अंग सर्व बाजूंनी टेकेल, एवढाच असावा.

तळाशी अ‍ॅस्पेन लाकडाच्या किसाचा किंवा नारळाच्या भुश्याचा आठ-दहा सेंमी थर द्यावा. साप मूळचा पाइनच्या रानातला असला तरी पाइन आणि सीडरचा कीस टाळावा, कारण बंद पेटीत त्यांच्या तेलांचा वास कोंडतो. पाण्याचे भांडे जड आणि सापाला आत बसता येईल एवढे असावे. आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवावी. डोळे दुधाळ निळसर दिसू लागले की साप कात टाकणार, हे ओळखून ओलसर शेवाळ भरलेला एक डबा आत ठेवावा.

महाराष्ट्रातील वाचकांनी हे वाचून धामण पकडून आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

पेटीत सोडल्यावर साप बहुधा दिसेनासा होतो. आठवडाभर त्याला हात लावू नये, फक्त पाणी बदलावे आणि त्यानंतरच पहिला उंदीर द्यावा.