एअर फ्लो सेन्सर साफ करायला घेताय? आधी या चुका टाळा

ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना बडवाहच्या पुढे भेरूघाट चढावा लागतो. निमाड मागे पडतो आणि माळव्याचं पठार जवळ येतं ते इथेच. गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याची १.३ लिटरची डिझेल गाडी या चढावर दम टाकायला लागली. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी वेग वाढेना, आरशात पाहावं तर मागे काळ्या धुराचा लोट. सिमरोल येईपर्यंत चेक इंजिनचा पिवळा दिवाही लागला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. दोषाचा कोड आला पी०१०१, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरबद्दलचा. "सेंसर गंदा हो गया भैया, अभी साफ कर देते हैं," म्हणत उस्तादने कार्बोरेटर क्लीनरचा डबा उचलला, सेन्सरवर फवारा मारला, फडक्याने टिपला आणि पाच मिनिटांत गाडी सुरू करून दिली. तो सेन्सर त्यानंतर धड चाललाच नाही. नवीन घालावा लागला, काही हजार रुपये गेले, आणि तरीही घाटात काळा धूर तसाच! शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणारा रबरी होज हाताने पिळून पाहिला. खालच्या बाजूला बोटभर चीर होती, भोवती तेलाचा ओला डाग. होज बदलला, क्लॅम्प आवळले आणि गाडी पूर्वीसारखी चढायला लागली.

चांगला सेन्सर साफसफाईत मेला आणि खरा दोष जिथल्या तिथे राहिला. असं मी ओळखीतल्या बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत पाहिलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

कोड म्हणजे निकाल समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पी०१०१ चा अर्थ "सेन्सर खराब आहे" असा नाही. सेन्सरकडून आलेला आकडा ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, अंदाजाशी जुळत नाही, एवढंच तो सांगतो. पी०१०२ म्हणजे सिग्नल फार कमी आणि पी०१०३ म्हणजे फार जास्त. या दोन्हींमध्ये आधी कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) आणि वायर तपासायची, कारण उंदराने कुरतडलेली वायर किंवा गंजलेली पिनही हाच कोड देते. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. त्याचं कारण सेन्सरची धूळ असू शकतं, फुटलेला होज असू शकतो किंवा थकलेला फ्युएल पंपही.

हा गोंधळ टाळायचा तर सेन्सर नेमकं करतो काय, ते माहीत हवं. एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनकडे जाणाऱ्या नळीवर तो बसलेला असतो. आत केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार असते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तिच्या जागी पातळ फिल्म असते. विजेने ती आत येणाऱ्या हवेपेक्षा शंभरएक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा वाहते, तिला थंड करते, आणि तिला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला किती करंट लागला यावरून ईसीयूला हवेचं वजन कळतं. वजनच मोजायचं, कारण आकारमान फसवतं. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश असतात आणि डिसेंबरच्या पहाटे ९. त्या पहाटेची हवा तेवढ्याच जागेत साधारण १२ टक्के जास्त वजनाची भरते.

आता या तारेवर धुळीचा थर बसला की तिने गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा तिला नीट थंड करू शकत नाही, करंट कमी लागतो आणि ईसीयूला वाटतं हवाच कमी येतेय. पेट्रोल गाडीत मग इंधन कमी सोडलं जातं: पिकअप मरतो, ओव्हरटेक करताना गाडी गचके खाते. डिझेल गाडीत धूर होऊ नये म्हणून ईसीयू डिझेल आखडतं घेतं: गाडी सुस्त होते, पण धूर होत नाही.

मेव्हण्याच्या गाडीला तर भरपूर धूर होता. खूण तिथेच होती. सेन्सरने हवा बरोबर मोजली, ईसीयूने तेवढ्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडलं, पण मोजून झाल्यावर ती हवा वाटेतच होजच्या चिरेतून बाहेर गेली. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काळा धूर. टर्बो डिझेलला चढावर असा धूर येत असेल तर सेन्सरला हात लावण्याआधी टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपर्यंतचा) प्रत्येक होज पिळून बघा. तेलकट ओला डाग दिसला की शोध बहुधा तिथेच संपतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत उलटं होतं: सेन्सर आणि इंजिनच्या मधे चीर असेल तर न मोजलेली हवा आत ओढली जाते. मग आयडलिंग वरखाली होतं आणि बॉनेट उघडल्यावर बारीक सूं-सूं आवाज येतो.

आपल्या गाडीत तो सेन्सर आहे का, हेच न बघणं

छोट्या पेट्रोल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतोच. त्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात आणि हवेचा हिशोब दाबावरून लावतात. व्हिडिओ पाहून फिल्टरच्या नळीवरचा जो सेन्सर लोक काढतात, तो कधी कधी नुसता हवेचं तापमान सांगणारा दोन पिनांचा सेन्सर निघतो. एअर फ्लो सेन्सरच्या कपलरला साधारणपणे तीन ते पाच पिना असतात. खात्री करायची तर ओबीडी स्कॅनरच्या (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावतात तो) लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे त्या क्षणीच्या आकड्यांत, "ग्रॅम प्रति सेकंद" हा आकडा दिसतो का ते बघा, आणि शंका असेल तर मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत ईसीयू हा आकडा स्वतः गणित करूनही दाखवतो, म्हणून डोळ्यांनी सेन्सर दिसल्याशिवाय पाना उचलू नका.

धूळ कुठून आली हे न शोधणं

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. फिल्टर चांगला असेल तर सेन्सर वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. तो मळला म्हणजे वाटेत कुठेतरी फट आहे.

एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ११ किलो हवा लागते, म्हणजे अंदाजे नऊ-दहा हजार लिटर. डिझेलला त्याहून जास्त. इंदूर शहर २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणात पुढे आहे, पण गाडी काही राजवाड्याभोवतीच फिरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की देवास, धार, उज्जैनच्या रस्त्यांवर मळणीचा भुसा उडतो; काळ्या मातीची धूळ तर पिठासारखी बारीक असते. रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या रस्त्यावरून रोज ये-जा असेल तर मग विचारायलाच नको. मॅन्युअलमध्ये फिल्टर बदलण्याचा जो आकडा दिलेला असतो तो साध्या वापराचा असतो. आपल्याकडच्या धुळीत मी त्याच्या निम्म्यावरच बदलतो.

आणि कंप्रेसरची हवा! पेट्रोल पंपावर, गॅरेजात, सगळीकडे फिल्टर काढून जमिनीवर आपटतात आणि जोरात हवा मारतात. बहुतेक वेळा मळक्या बाजूकडून. त्याने धूळ कागदात आणखी खोल रुतते आणि कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. हवा मारायचीच असेल तर स्वच्छ बाजूकडून, लांबून, कमी दाबाने. जुना फिल्टर दिव्यासमोर धरा. प्रकाशाचे ठिपके दिसले तर तो फेकायचाच. फिल्टरच्या कडेचं रबर डब्यात सगळीकडे सारखं बसलंय ना, झाकणाच्या सगळ्या क्लिपा लागल्यात ना, हेही पाहा. एक क्लिप तुटलेली असेल तर महागातला फिल्टरही उपयोगाचा नाही, कारण हवा सोपी वाट धरते. डब्याच्या स्वच्छ बाजूला बोट फिरवलं आणि बोटावर धूळ आली तर तुमचं उत्तर मिळालं.

तेल लावून वापरायचे धुता येणारे कापडी फिल्टर काही हौशी मंडळी बसवतात. धुतल्यावर तेल जास्त झालं तर ते उडून तारेवर चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. मी तरी ते रोजच्या गाडीला सुचवत नाही.

चुकीचा फवारा, चुकीचा हात

कार्बोरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल, थिनर, डब्ल्यूडी-४० यांपैकी काहीही नको. काहींनी प्लॅस्टिक आणि आतलं सील खराब होतं, काहींचा पातळ थर मागे राहतो आणि गरम तारेवर भाजून बसतो. एअर फ्लो सेन्सर क्लीनर म्हणून वेगळा फवारा मिळतो, तोच घ्या. नव्या सेन्सरच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नाही. तो मिळालाच नाही तर ९९ टक्के शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. सॅनिटायझर मात्र चालत नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं.

इंजिन थंड होऊ द्या. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मगच कपलर काढा. कपलरचं लॉक दाबून सोडवायचं. वायर धरून ओढाल तर पिना सैल होतात आणि मग महिनोन् महिने येणारा-जाणारा दोष शोधत बसावं लागतं. स्क्रू बरेचदा स्टार डोक्याचे असतात, कधी मधे टोक असलेले. बरोबर बिट नसेल तर पक्कड लावून डोकं गोल करू नका, बिट आणा. हा सेन्सर हातातून पडला तर बाहेरून धड दिसूनही आतून जाऊ शकतो, म्हणून सतरंजीवर किंवा टेबलावर काम करा.

फवारा वीतभर अंतरावरून, थोडा थोडा, दहा-पंधरा वेळा. तारेला बोट नाही, कापसाची काडी नाही, ब्रश नाही, फडकं नाही. एक धागा अडकला तरी आकडा बिघडतो आणि काडीचा हलका धक्काही तार तोडायला पुरतो. धूळ फवाऱ्याने जेवढी निघेल तेवढीच काढायची. मग सेन्सर उभा ठेवून स्वतःहून वाळू द्या; मी अर्धा तास थांबतो. कंप्रेसर किंवा तोंडाने फुंकर, दोन्ही नको. ओला सेन्सर चालू केला तर गरम तारेजवळ ज्वलनशील द्रव असतो, हे विसरू नका.

बसवताना ओ-रिंग (सीलचं गोल रबर) जागेवर आहे का बघा, वाळलेली असेल तर बदला. सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो; तो इंजिनकडे हवा. काही सेन्सर उलटेही बसतात आणि मग साफ केल्यानंतर गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

बसवल्यावर काय बघायचं

कोड पुसा आणि पन्नासएक किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा; जुन्या आकड्यांवर शिकलेल्या ईसीयूला नवे आकडे शिकायला एवढा वेळ लागतो. पहिल्या दहा मिनिटांत आयडलिंग थोडं हललं तर लगेच घाबरू नका.

मग लाइव्ह डेटा. चावी चालू, इंजिन बंद असताना आकडा शून्याच्या जवळ हवा. इंजिन गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून, १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात तो साधारण दोन-तीन ग्रॅम प्रति सेकंद दिसतो. रेस वाढवली की आकडा अडखळत नाही, सरळ चढतो. पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिमही पाहा, म्हणजे ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा इंधन किती टक्के वाढवतंय (अधिक) किंवा घटवतंय (उणे) ते: दहा टक्क्यांच्या वर किंवा उणे दहाच्या खाली टिकून राहत असेल तर काम अजून संपलेलं नाही. मळलेल्या सेन्सरची एक ओळख अशी की आयडलला ट्रिम उणे आणि हायवेच्या वेगात अधिक दिसतो. आयडलला ट्रिम खूप अधिक आणि रेस दिल्यावर नॉर्मल, असं असेल तर सेन्सर सोडा आणि हवेची गळती शोधा.

कपलर काढून गाडी चालवून बघण्याची जुनी युक्ती आहे. कपलर काढल्यावर ईसीयू ठरलेल्या आकड्यांवर चालतं. गाडी त्याने सुधारली तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. पण तो पुरावा नाही, आणि नव्या गाड्यांत याने ताकदच कमी केली जाते. त्यामुळे मोकळ्या जागी पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

फवारा आणि फिल्टर दोन्ही होऊनही आकडा जागेवर येत नसेल तर सेन्सर खरंच गेलेला असू शकतो. तेव्हा पार्ट नंबर जुळवून, बिल घेऊन घ्या. हुबेहूब डब्यातले नकली सेन्सर बाजारात असतात; ते गाडीला बसतात, पण त्यांचे आकडे सुरुवातीपासूनच तिरके असतात आणि मग चांगल्या मेकॅनिकचेही दोन दिवस वाया जातात.

गाडी आज चांगली चालत असेल तर आजच तिचे आकडे लिहून ठेवा: आयडलला किती, ३००० आरपीएमला किती. मेव्हण्याने ते सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावर लिहिलेत. परवा फिल्टर बदलताना पुन्हा पाहिले, आकडे तेच होते, म्हणून सेन्सर काढलाच नाही.