गिटार फेस्टिव्हलला येताना या चुका टाळा

आमचा ठाण्यातला क्लासिकल गिटार महोत्सव छोटा आहे. तीन दिवस, सकाळी स्पर्धा, दुपारी कार्यशाळा, संध्याकाळी मैफल. विंगेतलं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. स्टेजवर जाण्याआधी मुलं शेवटची भेटतात ती मला, त्यामुळे कोण कशामुळे अडखळणार हे मला बहुतेक वेळा आधीच दिसतं. आणि दरवर्षी तेच दिसतं. वर्षभर घासून तयारी करतात आणि शेवटच्या दोन दिवसांत काहीतरी नवीन करून बसतात.

आदल्या रात्री नव्या तारा

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती चांगल्या हेतूने केलेली असते. कळव्याचा एक तेरा वर्षांचा मुलगा होता. स्पॅनिश संगीतकार तारेगाचा 'लाग्रिमा' वाजवणार होता. दोनच छोटे भाग, पहिला ई मेजरमध्ये, दुसरा ई मायनरमध्ये. क्लासमध्ये तो इतका सुरेख वाजवायचा की बाकीची मुलं गप्प बसून ऐकायची. विंगेत त्याची गिटार बघितली तर पहिल्या तीन तारा काचेसारख्या चकचकीत. विचारलं तर आनंदाने म्हणाला, "ताई, कालच रात्री नव्या टाकल्या. बाबांनी महागातला सेट आणला."

माझ्या पोटात गोळा आला. ट्यूनर लावून सगळ्या तारा जुळवल्या, पण तीन मिनिटांत पहिली तार पुन्हा उतरली. पुन्हा चढवली आणि त्याचं नाव पुकारलं गेलं. पहिला भाग कसाबसा निभावला. मायनरमध्ये शिरेपर्यंत पहिली तार इतकी उतरली होती की खालचा बास आणि वरचे सूर दोन वेगळ्या गिटारींचे वाटत होते. त्याने मध्येच थांबून की, म्हणजे तार आवळायची खुंटी, फिरवली, जास्त फिरवली, मग पुन्हा खाली आणली. उरलेलं वाजवताना त्याची नजर बोटांवर नव्हती, कीवर होती. बाहेर आल्यावर रडला नाही. फक्त विचारलं, "माझं काय चुकलं?" वाजवण्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

नायलॉन ताणलं की बरेच दिवस लांबत राहतं. महाग सेट असला तरी त्यातून सुटका नाही. माझी सवय सांगते. स्पर्धा रविवारी असेल तर तारा आधीच्या रविवारी बदलायच्या. पहिले दोन दिवस दिवसातून चार-पाच वेळा सुरात लावायच्या, बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांतली बारावी) बोटाने हलकेच उचलून ताणायच्या, पुन्हा चढवायच्या. ओढून, खेचून एका तासात तार बसवायचे व्हिडिओ मुलं मला दाखवतात. मी ते कधी केलं नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांना करू देत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. सहाच्या सहा तारा बदलायलाच हव्यात असं नाही. आधी मरतात त्या खालच्या तीन, धातूचं वेटोळं असलेल्या. त्यांचा आवाज बोदा होतो, फ्रेटवर घासून चौथी तार तुटतेसुद्धा. वरच्या तीन साध्या नायलॉनच्या तारा बऱ्याच जास्त टिकतात, आणि बसायला वेळही त्याच जास्त घेतात. मग वरच्या चांगल्या असतील तर त्यांना हात लावू नका. खालच्या तीन तेवढ्या तीन-चार दिवस आधी बदला.

ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या पट्टीवर, पहिली तार बांधताना दोनदा गुंफा आणि टोक ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबलं गेलंय ना ते बघा. पातळ, गुळगुळीत तार सुटली तर चाबकासारखी गिटारच्या पोटावर बसते. माझ्या पहिल्या गिटारवर तो ओरखडा अजून आहे.

क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही नाहीत, दुकानात कोणी "चालतात" म्हटलं तरी नाही. नायलॉनच्या सेटचा एकूण ताण साधारण 40 किलो असतो, स्टीलच्या हलक्या सेटचाही 70 च्या पुढे जातो. ब्रिज उखडून निघतो.

नखं

डाव्या हाताची एकदम बारीक, तारा छेडणाऱ्या उजव्या हाताची थोडी वाढलेली. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ऐरोलीची एक नऊ वर्षांची मुलगी शनिवारी सकाळी माझ्यासमोर आली तेव्हा दोन्ही हातांची नखं साफ कापलेली. शाळेत शुक्रवारी नखं तपासतात म्हणून आईने गुरुवारी रात्री मुलीला झोपेतच कापून टाकली होती. त्या माऊलीला काय बोलणार? आता मी क्लासच्या पहिल्याच महिन्यात पालकांकडून शाळेच्या डायरीत बाईंसाठी दोन ओळी लिहून घेते. आजवर एकाही बाईंनी नाही म्हटलेलं नाही.

किती वाढवायची? तळवा स्वतःकडे करून बघा. बोटाच्या टोकावर नख दीड-दोन मिलिमीटर दिसलं की पुरे. कानशीने आकार द्या, मग बारीक पॉलिश पेपरने कड इतकी गुळगुळीत करा की सुती कापडावरून फिरवली तर धागा अडकणार नाही. मोठ्यांचं नख ऐनवेळी तुटलं तर टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा आणि झटपट चिकटणारा गोंद हा जगभरच्या गिटारवादकांचा जुना उपाय आहे. पण तो घरी आधी एकदा करून बघितलेला हवा. लहान मुलांनी त्यात पडू नये, सरळ बोटाच्या मांसल टोकाने वाजवावं. आवाज मऊ येतो, पण खरा येतो.

झेपत नाही तो पीस

दरवर्षी कनिष्ठ गटात तीन-चार 'आस्तुरियास' येतात. स्पॅनिश संगीतकार अल्बेनिझने तो पियानोसाठी लिहिला, जी मायनरमध्ये. गिटारवर तो ई मायनरमध्ये वाजतो आणि इतका शोभतो की मुळात गिटारचाच वाटतो. सुरुवात हाताला पटकन बसते, ऐकणारे थक्क होतात, पाहुण्यांसमोर वाजवून दाखवता येते. म्हणून मुलं टॅब (कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत दाखवणारी लिपी) बघून पहिलं पान पाठ करतात, वेग वाढवत नेतात आणि फॉर्म भरतात. मधला संथ भाग उघडला की सगळं उघडं पडतं. तिथे वेगाच्या आड लपता येत नाही. एकेक सूर धरून ठेवावा लागतो, श्वास घ्यावा लागतो. शिवाय पूर्ण पीस सहा मिनिटांच्या वर जातो आणि आमच्या कनिष्ठ गटाला पाच मिनिटं असतात. म्हणजे घंटा वाजून मध्येच थांबणार हे घरूनच ठरलेलं असतं. नियमांचं पत्रक वाचा हो.

त्याऐवजी जुन्या गिटार-संगीतकारांचं काही घ्या. कार्कासीच्या ओपस 60 (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधला तिसरा अभ्यास घ्या, सोरचा बी मायनरमधला ओपस 35 क्रमांक 22 घ्या. पानभराचे आहेत. वरची चाल गाते आहे का आणि मधले सूर तिच्या पाठीमागे राहतात का, एवढं सांभाळलं तर परीक्षक पेन खाली ठेवून ऐकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका वर्षाच्या शिकण्यावर 'आस्तुरियास' मागणाऱ्या पालकांना मी स्पष्ट नाही म्हणते. घाईने बसलेली चुकीची बोटं सोडवायला दोन वर्षं लागतात, आणि ती दोन वर्षं मुलाची जातात.

कार्यशाळेत

मास्टरक्लासमध्ये, म्हणजे जाणत्या वादकासमोर वाजवून शिकायच्या तासात, तुम्हाला अर्धा तास मिळतो. दहा मिनिटांचा पीस पूर्ण वाजवलात तर शिकायला उरली वीस मिनिटं. जिथे अडतंय तो भाग न्या. नोटेशनच्या दोन प्रती न्या, बारांना (तालाच्या तुकड्यांना) क्रमांक घातलेल्या, म्हणजे "तेहतिसाव्या बारपासून" म्हटलं की दोघांची बोटं एकाच जागी पोचतात. "यूट्यूबवर असंच वाजवलंय" हे उत्तर नको. समोर बसलेला माणूस तुमचा हात बघतोय, तो काय सांगतो ते करून तरी बघा.

बाकीचं

फुटस्टूल, म्हणजे पायाखालचं छोटं स्टूल, घरचंच आणा, उंची बदलली की मांडीवरची गिटार बदलते. हात असलेली खुर्ची दिली तर बिनहाताची मागून घ्या.

रविवारी निघण्याआधी लोकलचा मेगाब्लॉक बघा, विशेषतः वाशी-नेरुळकडून ट्रान्स हार्बरने येणाऱ्यांनी. घोडबंदरवाल्यांनी तासभर हाताशी ठेवावा.

गिटार उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, डिंक मऊ होतो. हॉलमध्ये एसी असतो, म्हणून अर्धा तास आधी केस उघडून गिटारला तिथली हवा लागू द्या आणि मग सुरात लावा.

पालकांनी पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसू नये. मूल गिटारऐवजी त्या मोबाइलकडे बघतं.

स्पर्धा संपली की घरी जाणं

निकाल लागला की अर्धा हॉल रिकामा होतो, बक्षीस न मिळालेले तर आधीच निघतात. संध्याकाळची मैफल आम्ही माइकशिवाय ठेवतो. पंखे बंद, दारं बंद. पहिली दोन मिनिटं वाटतं आवाज फारच लहान आहे, मग कान जुळतो आणि शेवटच्या रांगेतही नखाचा तारेला होणारा स्पर्श ऐकू येतो. तो कळव्याचा मुलगा त्या संध्याकाळी थांबला होता. मैफलीत कलाकाराने दोन पीसच्या मध्ये शांतपणे मान खाली घालून पाचवी तार जुळवली, चांगला अर्धा मिनिट घेतला आणि हॉलमध्ये कोणी हू की चू केलं नाही. मुलगा माझ्याकडे वळून बघत होता.

पहिल्या दोन रांगा आम्ही स्पर्धक मुलांसाठी राखून ठेवतो. डावीकडच्या खुर्च्या आधी पकडा, तिथून उजवा हात नीट दिसतो.