साइन-ऑनच्या आधी बीएसआयडी काढून ठेवा

सीडीसी, म्हणजे खलाशाची सरकारी नोंदवही, हातात आली की कागद संपले, असं नव्या पोरांना वाटतं. बीएसआयडी, म्हणजे खलाशाचं बायोमेट्रिक ओळखपत्र, मग साइन-ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या, आठवड्यात आठवतं. कंपनीच्या फोनची वाट न बघता ते आधीच काढा.

सुरुवात नावापासून. पासपोर्ट, सीडीसी आणि इंडॉसची (भारतीय खलाशांच्या राष्ट्रीय डेटाबेसची) नोंद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे घोळ ठरलेला: दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टात ते वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव कुठे आहे तर कुठे नाही, आणि गावडेंच्या स्पेलिंगमध्ये इथे 'व्ही' तर तिथे 'डब्ल्यू'. फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करून घ्या, अर्ज नंतर. सीडीसी आणि पासपोर्टची मुदतही बघा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या; एजंटचा नंबर दिलात की पुढचे सगळे निरोप त्याच्या मर्जीने मिळणार.

अर्ज नौवहन महासंचालनालयाकडे, ऑनलाइन. 2019 मध्ये हे कार्ड सुरू झालं तेव्हा देशभरात बायोमेट्रिक नोंद घेणारी नऊ केंद्रं ठरली, त्यांत मुंबई आणि गोवा दोन्ही होती. सावंतवाडीच्या माणसाने उगाच रात्रभर प्रवास करून मुंबई गाठू नये. गोव्याचा स्लॉट आधी बघावा. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या. कार्डाच्या चिपमध्ये चेहऱ्याची नोंद असते, तेव्हा पासपोर्टच्या फोटोत आहात तसेच दिसा.

कार्ड मिळाल्यावरची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हे ओळखपत्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2003 च्या 185 क्रमांकाच्या करारातून आलं. भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार कार्ड खलाशाच्याच ताब्यात राहायला हवं. कॅप्टनला ते सांभाळायला ठेवता येतं, पण तुमच्या लेखी संमतीनेच. जहाजावर चढल्या-चढल्या सगळे कागद गोळा होतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पासपोर्टचं काम मात्र हे कार्ड करत नाही. करार मानणाऱ्या देशात ते दाखवून शोअर लीव्हवर, म्हणजे जहाज बंदरात असताना थोड्या वेळाच्या सुट्टीवर, बिनव्हिसा उतरता येतं, पण अमेरिकेने करार स्वीकारलेला नाही. ह्यूस्टन किंवा न्यूयॉर्क वाटेवर असेल तर सी-वन/डी, म्हणजे जहाजावरच्या माणसांसाठीच्या अमेरिकी व्हिसाची तारीख वेगळी घ्या, आणि तीही लवकर.